रोही पीक खातो, तार माणूस खाते

संक्रांत उलटली की आमच्या रिठदच्या शिवाराचा रंग बदलतो. सोयाबीन दिवाळीच्या आगेमागेच घरात आलेलं असतं, तुरी सोंगून थ्रेशरमधून निघालेल्या असतात, धुऱ्यावरचं गवत वाळून पिवळं पडलेलं असतं. हिरवं म्हणाल तर ओलिताचा गहू आणि घाट्यावर आलेला हरबरा, एवढंच. पावसाळ्यात साऱ्या शिवारात पांगणारी जनावरं मग या दोन-चार हिरव्या पट्ट्यांवर येऊन पडतात. खरिपात थोडं थोडं सगळ्यांचं जातं म्हणून कुणी फारसं बोलत नाही. उन्हाळ्याच्या तोंडावर मात्र सगळा भार एकाच शेतकऱ्याच्या डोक्यावर येतो. वाशिम-रिसोड रस्त्याने दिवसा जाणाऱ्याला माळावर काळविटांचा कळप दिसला की तो गाडी थांबवून फोटो काढतो. त्या कळपाच्या पलीकडे ज्याचं वावर आहे, त्याला फोटो सुचत नाही.

राग येतोच. रात्रीच्या पाळीची लाईन, तीत गव्हाला पाणी आणि वर जागल, असं सगळं करून डोळे चुरचुरत असताना आलेला राग माणसाला भलत्या वाटेला लावतो. अशा दोन वाटा मी जवळून पाहिल्या आहेत. एक बंदुकीची, दुसरी तारेची. तरुण पोरांसाठी दोन्हींबद्दल लिहून ठेवतो.

पाहुण्यांची गाडी

थंडी सरत आली की आमच्या भागात रात्रीचे पाहुणे येतात. मोठी गाडी, पाट्यांवर चिखल फासलेला, टपावर सर्चलाइट. असेच एकदा माझ्या धुऱ्यापाशी थांबले. बोलणं मोठं गोड. “काका, तरास तर तुम्हालेच आहे ना? आम्ही दोन जनावरं उचलतो, तुमचं वावर मोकळं. तुम्ही फक्त कळप कुठं बसते ते दाखवा. वाटा तुमच्या घरी पोहोचते.” मी विचारलं, “परवाना आहे का?” त्यातला एक हसला. म्हणाला, “बंदुकीचं लायसन आहे की.”

इथेच लोक फसतात. बंदूक बाळगण्याचा परवाना वेगळा आणि जनावर मारण्याची परवानगी वेगळी. पहिला खिशात असला म्हणून दुसरी मिळत नाही. शेजारचा पोरगा गाडीत बसायला निघाला होता, त्याला मी हाताला धरून मागे ओढलं. पाहुण्यांना पाणी पाजलं आणि पुढे नाल्यात रस्ता नाही म्हणून सांगितलं. गाडी वळली तेव्हा पाटीवर जेवढे आकडे वाचता आले तेवढे लिहून घेतले.

दुसऱ्या दिवशी त्या पोराने मला मोबाईलवर अमेरिकेतले व्हिडिओ दाखवले. बर्फ पडलेलं रान, मक्याच्या कापलेल्या शेताच्या कडेला मचाण आणि पांढऱ्या शेपटीच्या हरणाची वाट पाहत बसलेला शिकारी. “तिथं चालते, मंग आपल्या इथं कायले नाही?” प्रश्न रास्त होता. तिकडे सरकार त्याचा हंगाम ठरवून देतं. परवाना काढावा लागतो, किती मारायची याची मर्यादा असते आणि ती मोडली तर तिकडेही शिक्षा होते. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारच बंद केली आहे. त्या व्हिडिओतून घेण्यासारखी एक गोष्ट मात्र आहे. हंगामाच्या शेवटी जनावर फक्त चाऱ्याच्या मागे असतं, हे तो शिकारी ओळखून आहे. तो रानभर हिंडत नाही, उरलेल्या चाऱ्याच्या कडेला बसतो. जागल करणाऱ्यानेही तेच करावं, बंदुकीशिवाय.

कायदा नीट समजून घ्या, कारण त्याच्या तावडीत पाहुण्यांपेक्षा आपण आधी सापडतो. काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे. त्याच्या शिकारीला किमान ३ आणि कमाल ७ वर्षांची कैद आहे. दंडाची किमान रक्कम २०२२च्या दुरुस्तीने १०,०००वरून २५,००० झाली. पीक खातो एवढ्या कारणावर काळवीट मारायची परवानगी कुणीच देऊ शकत नाही. शिकार म्हणजे फक्त गोळी झाडणं असंही नाही. फास लावणं, आमिष टाकणं, हाका घालून जनावर हुसकत नेणं, नुसता तसा प्रयत्न करणं, हे सगळं त्यात धरलेलं आहे. शिवाय मदत करणारालाही तोच गुन्हा लागतो. “मी फक्त वाट दाखवली” हा बचाव होत नाही. घरात मटणाचा वाटा सापडला, तर तो आपण बेकायदा ठेवलेला नाही हे आपल्यालाच सिद्ध करावं लागतं.

जोधपूरजवळच्या कांकाणीतलं काळवीट प्रकरण १९९८चं. सलमान खानला त्यात ५ वर्षांची शिक्षा झाली ती २०१८मध्ये, म्हणजे वीस वर्षांनी. त्यावर पुन्हा जामीन आणि अपील आलंच. त्याच्याकडे वकिलांची फौज होती. कोर्टाच्या तारखेच्या दिवशी आपल्याकडे मोटार चालू करायलाही दुसरं माणूस नसतं.

रोही (नीलगाय) आणि रानडुकराची गोष्ट थोडी वेगळी आहे. त्यांच्यासाठी कायद्याच्या कलम ११मध्ये परवानगीची वाट आहे आणि त्यात उभ्या पिकाचं नुकसान हे कारण धरलं जातं. पण लेखी आदेश हातात आल्याशिवाय काही करायचं नाही. आदेश कुणाच्या नावे आहे, कोणत्या हद्दीपुरता आहे आणि किती दिवसांचा आहे, हे वाचल्याशिवाय कुणालाही वावरात शिरू द्यायचं नाही.

तारेची गोष्ट

बंदुकीचे लोक बाहेरून येतात. तार आपलाच माणूस लावतो, म्हणून ती जास्त वाईट.

पहाटे दांड फोडायला निघालो होतो. दव एवढं पडलं होतं की पायजमा गुडघ्यापर्यंत ओला. कुत्रं नेहमीसारखं पुढे. शेजारच्या हरबऱ्याच्या कडेला ते एकदम आडवं झालं. ओरडलं नाही, नुसते पाय ताणले. बॅटरी मारली तर वीतभर उंचीवर बारीक बाइंडिंग तार चमकली. बांबूच्या खुंट्यांना गुंडाळलेली, थेट डीपीपर्यंत गेलेली. मी जागचा हललो नाही. तिथूनच हाका मारून शेजाऱ्याला उठवलं. तो धावत आला आणि आकडा काढला. म्हणाला, “रोज बाराले लावतो अन् पाचले काढतो भाऊ. आज डोळा लागला.”

तारेचा सगळा धोका त्या एका वाक्यात आहे. डोळा लागणारच. जागल करणारा माणूसच आहे. घरच्या लाईनीतली २३० व्होल्टची वीज सलग वाहते. हात लागला की स्नायू आखडतात आणि माणूस तार सोडूच शकत नाही. ओल्या जमिनीवर, अनवाणी पायाने तर बोलायलाच नको. मरतं कोण? पहाटे पाणी धरायला जाणारा, सरपण वेचणारी बाई, शाळेला सुट्टी म्हणून बापाची भाकर घेऊन आलेलं लेकरू. मग मनुष्यवधाचा गुन्हा, आकड्यासाठी वीजचोरीचा वेगळा, आणि जनावर मेलं असेल तर वन विभागाचा तिसरा. रोही पीक खातो, फार तर एका हंगामाचं. तार दोन घरं खाते. एक मेलेल्याचं आणि दुसरं लावणाराचं.

कुणी चिकटलेलं दिसलं तर त्याला हात लावू नका. आधी फ्यूज काढा किंवा स्विच पाडा. ते शक्य नसेल तर कोरड्या लाकडाने तार बाजूला करा. श्वास थांबला असेल तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोराने, भराभर दाबत राहा आणि दुसऱ्याला १०८ लावायला सांगा.

झटका मशीन म्हणजे ही तार नव्हे. ते बारा व्होल्टच्या बॅटरीवर, सौर पाटीवर चालतं. त्याचा दाब मोठा असतो, पण झटका सेकंदाच्या बारीकशा भागापुरता. दोन झटक्यांच्या मधे मोकळा वेळ राहतो, म्हणून जनावर बिचकून मागे सरतं आणि माणूस हात सोडवू शकतो. मात्र कंपनीचं मशीन घ्या. गावातल्या मिस्त्रीने घरच्या लाईनीवर जोडून दिलेला डबा झटका मशीन होत नाही.

मशीन असूनही जनावर येतं, अशी तक्रार माघात वाढते. बहुतेक वेळा दोष अर्थिंगचा निघतो. जमीन सुकली की झटका परत फिरत नाही. अर्थिंगचा गज खोल ठोका आणि त्याच्या बुडाशी दर दोन-तीन दिवसांनी बादलीभर पाणी ओता. तारेला टेकलेलं गवत आणि तुरीची धसकटं काढा, नाहीतर दव पडलं की झटका त्यातूनच जमिनीत उतरतो. खालची तार डुकरासाठी हातभराच्या आत हवी आणि वरची रोह्याच्या छातीला लागेल अशी. धुऱ्यावर पाटी लावा आणि शेजाऱ्याला तोंडी सांगा. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत सौर कुंपणाला अनुदान आहे. ते निवडलेल्या गावांना मिळतं, तेव्हा आपलं गाव त्यात बसतं का हे वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारून घ्या.

जागल कशी करावी

जागल रात्री होत असली तरी तिची तयारी दिवसा करावी लागते. दुपारी धुरा फिरून घ्या. रोह्याला ठरलेल्या जागी पुन्हा पुन्हा लेंड्या टाकायची सवय असते. काळ्या लेंड्यांचा मोठा ढीग दिसला की त्याची वाट तिथून जाते असं समजा. वरच्या लेंड्या ओलसर आणि खालच्या भुरभुरीत असतील, तर वाट चालू आहे. सगळ्या वावराला साड्या गुंडाळण्यापेक्षा त्या वाटेवर बोराटीची कूप घाला आणि तिथेच साड्या दाट बांधा.

साड्या, बुजगावणं, भोंगा, डबे, यांतलं काहीही थोडेच दिवस चालतं. जनावर सरावतं. म्हणून जागा बदला, आवाज बदला, एखादी रात्र मुद्दाम काहीच वाजवू नका. रोही सांजेला आणि उजाडताना जास्त येतो, डुकरं मध्यरात्री. रात्रभर एकट्याने जागण्यापेक्षा चार वावरांच्या लोकांनी पाळ्या लावाव्यात.

कळप आत शिरलाच, तर त्याच्या मागे पळू नका. आमच्याकडे कठडा नसलेल्या विहिरी पुष्कळ, आणि धुईत त्या जनावराला दिसत नाहीत, माणसालाही दिसत नाहीत. ज्या बाजूने कळप आला ती बाजू मोकळी ठेवा आणि समोरून उजेड दाखवत, आवाज करत हळूहळू सरका. चारी बाजूंनी घेरलेला कळप उधळतो आणि त्याने खाल्लं त्याच्या दुप्पट तुडवून जातो. जखमी डुकराच्या वाटेला तर अजिबात जाऊ नका. ते पळून जात नाही, अंगावर येतं.

पत्र्याच्या खोपीत दार लावून शेकोटी करू नका. धुराहूनही वाईट असा वास नसलेला वायू कोंडतो आणि झोपलेला माणूस उठत नाही. फोरेटच्या पुरचुंड्या धुऱ्याला टांगायची सवय सोडा. त्या औषधावर आता बंदी आहे, आणि वास घेऊन डोकं आपलंच गरगरतं. पिठाच्या गोळ्यातला गावठी बॉम्ब डुक्कर खातं की शेजाऱ्याची गाय, हे ठेवणाराला कळत नाही.

पंचनामा

सकाळी नुकसान दिसलं की आधी शिव्या देऊन मोकळे व्हा, मग फोटो काढा. त्याच दिवशी काढा. फोटोत तुडवलेलं पीक यावं, पायाचा ठसा यावा आणि मागे विहीर किंवा झाड अशी ओळखीची खूण यावी. कोणतं जनावर होतं ते खाण्यावरून सांगता येतं. रोही-हरणांना वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. ती शेंडा ओढून तोडतात, त्यामुळे कड फाटलेली दिसते. सशाने कुरतडलेली काडी विळ्याने तिरपी कापल्यासारखी साफ असते. डुकराने माती उकरून झाड मुळासकट उलथवलेलं असतं. पंचनाम्याला आलेल्या माणसाला हे बोटाने दाखवा. “जनावरांनी खाल्लं” एवढ्यावर अर्ज अडतो.

अर्ज ३ दिवसांच्या आत करायचा असतो. सातबारा, पीकपेरा, बँकेच्या पासबुकाची प्रत जोडा आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. एकट्याचा अर्ज टेबलावर निपचित पडून राहिलेला मी पाहिला आहे. ज्यांची ज्यांची वावरं लागून आहेत त्यांनी एकाच दिवशी अर्ज द्यावेत आणि जमलं तर ग्रामसभेचा ठराव जोडावा. रात्री सर्चलाइटची गाडी दिसली किंवा विहिरीत जनावर पडलं, तर वन विभागाचा १९२६ हा नंबर लावा. मिळणारी भरपाई झालेल्या नुकसानीएवढी नसते, हे मलाही ठाऊक आहे. पण कागदावर नुकसान दिसलंच नाही, तर उद्या कुंपण मागायलाही तोंड राहत नाही.

शेवटचं सांगणं पुढच्या सालासाठी. हरबऱ्याच्या चारी कडांना करडईची चार-सहा तासं लावायची आमच्या बापजाद्यांची रीत होती. करडई निबर झाली की तिचे काटे असे टोचतात की बैलही तोंड घालत नाही. रोही पूर्ण थांबत नाही, पण सोपी वाट शोधत दुसरीकडे वळतो, आणि तेल घरचं मिळतं ते वेगळंच. मात्र ही करडई आश्विनात पेरावी लागते. माघात, डोळ्यांवर झोप आणि डोक्यात राग असताना आठवली, तर हाती आकडाच येतो.