वेळ अमावस्येची शिदोरी आणि वर्षभराचा आहार

मार्गशीर्षातील अमावस्येस लातूर जिल्ह्यात, तसेच त्यास लागून असलेल्या नांदेड, धाराशिव व बीदर भागांतील पुष्कळ गावांत वेळ अमावस्या, म्हणजेच येळवस, साजरी होते. त्या दिवशी गावे ओस पडतात व शिवारे माणसांनी भरतात. कडब्याची कोप उभारून तीत पांडवांची प्रतीके म्हणून पाच दगड मांडतात, पूजा होते, आणि मग आप्तेष्टांसह शेतातच पंगत बसते. या सणाचे धार्मिक महत्त्व वाचकांस विदित आहेच. प्रस्तुत लेखात त्याच्या केवळ शिदोरीचा विचार करावयाचा आहे. कारण सकस आहार कसा असावा याचे उत्तर शोधण्यास आपणांस दूर जावे लागत नाही, ते या शिदोरीत बांधलेले आहे.

या दिवशी भज्जी होते. भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हेत. तुरीचे ओले दाणे, हरभऱ्याचे घाटे सोलून काढलेले दाणे, वाटाणा, वाल, शेंगदाणे, मेथी, कांद्याची पात, गाजर, वांगे असे जे जे शिवारात त्या सुमारास तयार असेल ते एकत्र शिजवून त्यास बेसन लावावयाचे व चिंचेचा कोळ घालावयाचा, असा हा पदार्थ आहे. जोडीला ज्वारी-बाजरीच्या पिठाचे वाफवलेले उंडे, गव्हाची गूळ घातलेली खीर आणि मडक्यातून आणलेली आंबील. एखाद्या आहारशास्त्रज्ञास पूर्ण थाळी योजण्यास सांगितले, तर तोही धान्य, डाळ, पालेभाजी, फळभाजी, तेलबी, ताक व काहीतरी आंबट हेच मागेल. ते सर्व येथे आहे, आणि शेंगदाण्यापासून चिंचेपर्यंत बहुतेक सारे आपल्याच शिवारातले आहे. लातूर जिल्ह्यातील पानचिंचोलीची चिंच, बोरसुरीची तूरडाळ व कास्तीची कोथिंबीर यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, हेही या संदर्भात लक्षात ठेवण्यासारखे आहे.

प्रश्न उरतो तो वर्षाच्या इतर दिवसांचा. त्या दिवसांत अनेक शेतकरी घरांतून सकाळी चहा व बिस्किट, दुपारी पातळ वरण व भात, रात्री पोळी आणि बटाट्याची भाजी, असा क्रम दिसतो. शेतात सोयाबीन उभे असते, ते सारे बाजारात जाते. आणि त्याच बाजारातून पीठ, तेल व पाकिटबंद खाऊ घरी येतो. खरिपाची ज्वारी काढणीच्या वेळी पावसात सापडून काळी पडते, तिला भाव मिळत नाही, म्हणून शेतकऱ्याने ती सोडून सोयाबीन धरले, यात त्याचा दोष नाही. पण पीक बदलले म्हणून ताटही बदलावे, असा काही नियम नाही.

हा केवळ जुन्या आवडीनिवडीचा प्रश्न असता तर त्यावर लेख लिहिण्याचे प्रयोजन नव्हते. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी, म्हणजे पंडुरोगाची स्थिती, आढळून आली. खुरपणीस जाणारी स्त्री दुपारनंतर थकते, धाप लागते, चक्कर येते. घरात त्याला ‘उन्हाचा त्रास’ म्हणतात. पुष्कळदा तो उन्हाचा नसून ताटाचा त्रास असतो.

भाकरीचा हिशेब

प्रौढ स्त्रीस दररोज २९ मिलिग्रॅम लोह मिळावे, असे भारतीय वैद्यक संशोधन परिषदेचे प्रमाण आहे. ज्वारीच्या १०० ग्रॅम दाण्यांत सुमारे ४ मिलिग्रॅम लोह असते. पॉलिश केलेल्या तांदळात ते १ मिलिग्रॅमहूनही कमी असते. म्हणजे दिवसभरात पाव किलो ज्वारीच्या पिठाच्या भाकरी खाणाऱ्या बाईस सुमारे १० मिलिग्रॅम लोह भाकरीतूनच मिळते. तितकाच तांदूळ खाणारीस दोनही मिळत नाही. चोथ्याच्या बाबतीतही ज्वारी तांदळाच्या तिपटीहून पुढे आहे. परभणीच्या कृषि विद्यापीठाने अधिक लोह व जस्त असलेला ‘परभणी शक्ती’ हा ज्वारीचा वाण २०१८ साली दिला आहे. रब्बीसाठी मालदांडी व ‘परभणी मोती’ आहेतच.

पाच माणसांच्या घराने माणशी पाव किलो धरल्यास वर्षास सुमारे साडेचार क्विंटल ज्वारी लागते. एका वेळची भाकरी व एका वेळची पोळी खाणाऱ्यांना याच्या निम्मी पुरेल. चांगल्या साली मध्यम प्रतीच्या कोरडवाहू जमिनीत एक एकर रब्बी ज्वारी एवढे देऊन जाते, वर जनावरांस कडबा मिळतो. सर्व रान विक्रीच्या पिकाखाली घालण्यापूर्वी हा हिशेब घरातील बायांसमवेत करून पाहावा. साठवणीचा दाणा दाताखाली कट्कन फुटेल इतका वाळवावा व निंबाच्या वाळल्या पाल्यासह कोरड्या कणगीत किंवा कोठीत ठेवावा.

भाकरी नकोशी वाटण्याचे एक कारण असे की ती नीट होत नाही, आणि ती नीट होत नाही याचे कारण पीठ जुने असते. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा मुळातच नाही. पीठ पडून राहिले की त्याची विरी जाते व भाकरी थापताना कडा तुटतात. म्हणून दळण आठ दिवसांपुरतेच करावे. पीठ चाळून कोंडा टाकू नये. नवख्या हातांनी थोड्या पिठाची गरम पाण्यात उकड काढून ती उरलेल्या पिठात मळावी. भाकरी मोडत नाही.

केवळ ज्वारीवर विसंबू नये

येथे एक सावधगिरीची गोष्ट सांगणे अवश्य आहे. ज्वारीचे गुणगान करणारे हल्ली पुष्कळ झाले आहेत, विशेषतः २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष साजरे झाल्यापासून. परंतु दख्खनच्या पठारावरील गरीब मजुरांत, ज्यांचे पोट जवळजवळ सर्वस्वी ज्वारीवर भरत असे, पेलाग्रा नावाचा रोग आढळत होता. त्यात उन्हास उघड्या राहणाऱ्या कातडीवर काळसर चट्टे उठतात, हगवण लागते व मन भ्रमिष्ट होते. हैदराबाद येथील पोषण संशोधनशाळेतील डॉ. गोपालन व डॉ. श्रीकांतीया यांनी १९६० साली या रोगाचा संबंध ज्वारीतील ल्यूसीन या घटकाच्या आधिक्याशी जोडला. या कारणमीमांसेवर पुढे विद्वानांत वाद झाला. तथापि आहारात डाळ, दूध, भाजी यांची जोड असल्यास हा रोग टळतो, याविषयी वाद नाही. आपल्या आजोबांच्या पिढीत नुसत्या मीठ-मिरचीशी भाकरी खाणारे लोक होते. ते काटक होते असे म्हणावयाची पद्धत आहे. त्यातील किती अकाली गेले, याची आठवण मात्र कोणी काढत नाही.

म्हणून भाकरीस डाळीची जोड हवीच. ज्वारीच्या प्रथिनात लायसिन हा घटक उणा असतो, तो तूर, मूग, उडीद, हरभरा भरून काढतात. डाळीत जे उणे असते ते धान्य भरून काढते. माणशी दिवसाकाठी ८५ ग्रॅमच्या आसपास डाळी व कडधान्ये असावीत, असा राष्ट्रीय पोषण संस्थेचा सल्ला आहे. पातळ वरणाच्या एका वाटीने तो पुरा होत नाही. आपल्याकडील येसराची आमटी, घट्ट पिठले, मोडाच्या मुगाची उसळ, आणि ज्वारी, हरभरा व गहू यांच्या पिठांचे धपाटे दह्याशी, हे सारे त्यासाठीच आहे. डाळ बिनपॉलिशची घ्यावी. चकाकी ही डाळीची प्रतवारी नव्हे.

सोयाबीन पिकविणाऱ्यांनी ते खावे की नाही, असा प्रश्न सभांतून वारंवार विचारला जातो. खावे, परंतु कच्चे दळून कदापि नाही. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचे पचन अडविणारे द्रव्य असते व ते उष्णतेनेच नष्ट होते. दाणे उकळत्या पाण्यात अर्धा तास शिजवून, उन्हात खडखडीत वाळवून, मग नऊ किलो ज्वारी वा गव्हात एक किलो या प्रमाणात दळणास द्यावेत. यापेक्षा प्रमाण वाढविल्यास भाकरीची चव बिघडते आणि मुले ताट सारतात.

आंबील, आंबट आणि चहा

धान्यातील लोह सर्वच्या सर्व अंगी लागत नाही. दाण्यातील फायटेट नावाचे द्रव्य त्यास धरून ठेवते. आंबविल्याने व मोड आणल्याने हे बंधन सैल होते, आणि जेवणात लिंबू, आवळा, कोथिंबीर असे ‘क’ जीवनसत्त्व असलेले काही असल्यास लोह अधिक शोषले जाते. येळवशीच्या आंबिलीचे मर्म यातच आहे. ती करण्यास सणाची वाट पाहण्याचे कारण नाही. एक वाटी ज्वारीचे पीठ दोन-तीन वाट्या ताकात कालवून मातीच्या अथवा स्टीलच्या भांड्यात रात्रभर झाकून ठेवावे. कल्हई गेलेले तांब्या-पितळेचे भांडे वापरू नये. सकाळी चार वाट्या पाणी उकळून त्यात हे मिश्रण धारेने सोडावे, गुठळी होऊ न देता मंद आचेवर शिजवावे, व मीठ, जिरे, ठेचलेला लसूण आणि आले घालावे. उन्हाळ्यात ही आंबील गार करून घेतल्यास शेतावर जाणाऱ्यांस चहाबिस्किटाची आठवण होत नाही.

याउलट जेवणासोबत व लगेच नंतर घेतलेला चहा लोहाचे शोषण रोखतो. चहा सोडा असे सांगून कोणी ऐकणार नाही. निदान जेवणापासून तासभर तरी दूर ठेवावा. आंबट भाजी, उदाहरणार्थ अंबाडी किंवा चुका, लोखंडी कढईत शिजवल्यास कढईतील थोडे लोह भाजीत उतरते. शिजल्यावर भाजी दुसऱ्या भांड्यात काढून ठेवावी, म्हणजे ती काळवंडत नाही. गुळाविषयी मात्र गैरसमज फार आहे. गूळ साखरेहून किंचित बरा, परंतु त्यातील लोह अल्प. लोहासाठी गूळ खाणे म्हणजे दाण्यासाठी भुसा खाण्यासारखे आहे.

तेलबिया व रानभाज्या

करडई हे मराठवाड्याचे जुने तेल. त्यात लिनोलिक आम्लाचे प्रमाण सुमारे तीन-चतुर्थांश असून संपृक्त स्निग्धांश कमी असतो. काटेरी पीक, काढणीस मजूर मिळत नाहीत, म्हणून क्षेत्र घटले; तरी घराच्या तेलापुरते चार तास हरभऱ्यात टाकण्यास हरकत नाही. कोवळ्या रोपांची विरळणी करताना निघणारा पाला ही उत्तम भाजी आहे. हे तेल तळणासाठी पुनः पुनः तापवू नये. जवसाच्या तेलात निम्म्याहून अधिक भाग ओमेगा-३ वर्गातील आम्लाचा असतो, आणि ते इतर खाद्यतेलांत क्वचितच सापडते. जवस भाजूनच चटणी करावी, व चटणी आठवड्यापुरतीच कुटावी. कुटलेले जवस लवकर खवट होते. तिळात चुन्याचे, म्हणजे कॅल्शियमचे, प्रमाण विपुल आहे. जवस, कारळे, तीळ व शेंगदाणा या चार चटण्यांचे चार डबे घरात असल्यास बाजारी मसाल्यांच्या पुड्या आपोआप कमी होतात.

पावसाळ्यात घोळ, केना, तरोटा, पाथरी, कुर्डू, तांदुळजा या भाज्या बांधावर फुकट असतात. पूर्वी त्या ओळखणाऱ्या बाया प्रत्येक वाडीत होत्या. किनवट-माहूरच्या डोंगरी भागात हे ज्ञान अद्याप बरेच टिकून आहे. एक दक्षता नवी आहे. ज्या रानात वा बांधावर तणनाशक फवारले असेल तेथील भाजी खुडू नये. फवारणी करणाऱ्या पुरुषाने घरी तसे सांगावे, कारण पाला खुडणाऱ्या बाईस ते पाहून कळत नाही.

‘नैसर्गिक’ अशी अक्षरे छापलेली महाग पाकिटे शहरात मिळू लागली आहेत. शेतकऱ्याने ती विकत घेण्यासारखा विनोद नाही.

शेवटी बसणारीचे ताट

वर सांगितलेले सर्व घरात शिजले, तरी ते कोणाच्या ताटात पडते हे पाहिले पाहिजे. पुरुष व मुले जेवून उठल्यावर घरधनीण बसते. तेव्हा भाजीचा रस्सा तळाशी असतो, डाळ संपलेली असते आणि भाकरी व ठेचा शिल्लक असतो. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत ही रीत थेट दोन जिवांस बाधते. तिच्या वाट्याची डाळ व भाजी स्वयंपाक होताच वाटीत वेगळी काढून ठेवावी. सासूबाईंनी हे काम आपल्याकडे घेतल्यास ते सर्वांत सुरळीत होते. ज्या स्त्रीस धाप लागते किंवा जिची नखे पांढुरकी दिसतात, तिने प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्यावे. पंडुरोग जडल्यावर नुसता आहार पुरत नाही, लोहाच्या गोळ्याही घ्याव्या लागतात.

परसबागेस पाणी कोठून आणावे, असे लातूरकर विचारतील, आणि एप्रिल २०१६ मध्ये ज्यांनी मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी प्यायले त्यांनी ते विचारणे रास्तच आहे. परंतु भांडी व भाज्या धुतलेले पाणी प्रत्येक घरात सांडतेच. त्यावर मोरीच्या तोंडाशी एक शेवगा, एक कढीपत्ता व एक लिंबू सहज जगतात. शेवग्याची मनगटाएवढी जाड, तीन-चार फूट लांब फांदी मृगाच्या पावसानंतर दीड हात खड्ड्यात शेणखतासह लावावी. झाड कमरेच्या वर आले की शेंडा खुडावा व पुढे दरवर्षी छाटणी करावी, म्हणजे पाला हाताच्या उंचीवर राहतो. हा पाला सावलीत वाळवून चुरून ठेवल्यास चैत्र-वैशाखात, जेव्हा हिरवी भाजी दिसत नाही, तेव्हा वरणात मूठभर घालता येतो. उन्हात वाळवू नये. त्याने रंग जातो आणि ‘अ’ जीवनसत्त्वाचा मोठा भागही जातो.