दूरचे पक्षी आणि दुर्बिणीचा भागाकार

ठाण्याच्या खाडीत दरवर्षी हजारो रोहित पक्षी येतात. येथील काही भाग २०१५ साली त्यांचे अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ साली त्याचा समावेश महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत झाला. या थव्यांत दोन जाती असतात. मोठ्या रोहिताची चोच फिकट गुलाबी असून तिचे टोक काळे असते. छोट्या रोहिताची चोच गडद तांबडी असते व दुरून काळसर दिसते.

ओहोटी लागली की पाण्याबरोबर पक्षीही आत सरकतात. ४०० मीटरांवरच्या पक्ष्याची चोच ओळखायची कशी? जवळ गेलो, तर पक्षी चरणे सोडून उडतात आणि अन्न मिळवण्याचा त्यांचा वेळ फुकट जातो. म्हणून अंतर राखून पाहणे, हाच योग्य मार्ग. त्यासाठी तिवईवर बसवायची एकनळी दुर्बीण वापरतात. तिला ‘स्पॉटिंग स्कोप’ म्हणतात. आकाशदर्शनाच्या साध्या दुर्बिणीतून चित्र उलटे दिसते. येथे आतील लोलक ते सुलटे करतात.

दोन आकड्यांचा अर्थ

अशा दुर्बिणीवर ‘२०–६०×८०’ असे लिहिलेले असते. पहिले दोन आकडे वर्धनाचे. हे वर्धन २० पटींपासून ६० पटींपर्यंत बदलता येते. शेवटचा आकडा पुढच्या भिंगाचा, म्हणजे वस्तुभिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये सांगतो.

अंतराला वर्धनाने भागा. ४०० ÷ २० = २०. म्हणजे पक्षी २० मीटरांवर असावा तेवढा मोठा दिसेल. ८ पटींच्या द्विनेत्री दुर्बिणीतून तो ५० मीटरांवर असल्यासारखा दिसतो. मग ६० पट वर्धन सर्वांत चांगले नव्हे काय? बहुतेक ग्राहक दुकानात हाच आकडा विचारतात. पण आणखी एक भागाकार करायचा राहिला आहे.

प्रकाशाची शलाका

वस्तुभिंगाच्या व्यासाला वर्धनाने भागले की नेत्रिकेतून बाहेर पडणाऱ्या प्रकाशशलाकेची जाडी मिळते.

८० ÷ २० = ४ मिलिमीटर
८० ÷ ६० = १.३ मिलिमीटर

आपल्या डोळ्याची बाहुली भर उन्हात २ ते ३ मिलिमीटर असते आणि अंधारात तरुणांमध्ये ७ मिलिमीटरपर्यंत मोठी होते. पहाटेच्या अंधूक उजेडात बाहुली रुंदावते, पण ६० पटींवर तिच्यात शिरणारी शलाका जेमतेम १.३ मिलिमीटरची. २० पटींवरून ६० पटींवर गेल्यास चित्राचे क्षेत्रफळ ९ पट होते. प्रकाश मात्र तेवढाच राहतो. म्हणून चित्र काळवंडते आणि चोचीचा रंग कळत नाही.

दुपारी प्रकाश भरपूर असतो. तेव्हा तरी ६० पट चालेल? तेव्हा दुसरी अडचण येते. तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते आणि दुर्बीण त्या थरथरीचेही वर्धन करते. वारा आला की तिवईचा हलकासा कंपही मोठा दिसतो. शिवाय वर्धन वाढले की दृश्याचे क्षेत्र आकुंचन पावते व उडता पक्षी हातातून निसटतो. थोडक्यात, पहाटे प्रकाश कमी पडतो आणि दुपारी हवा नडते. म्हणून अनुभवी निरीक्षक बहुतांश काम २० ते ३० पटींवरच करतात.

प्रयोग करून पाहा

कोणतीही दुर्बीण उजळ आकाशाकडे, पण सूर्यापासून दूर, रोखा. नेत्रिका डोळ्यापासून हातभर लांब धरा. तिच्यात एक तेजस्वी चकती दिसेल. पट्टी टेकवून तिचा व्यास मोजा. तुमचा भागाकार तेथे प्रत्यक्ष दिसेल. दुर्बिणीतून सूर्याकडे कधीही पाहू नका. दृष्टी कायमची जाऊ शकते.

शाळेसाठी घेताना

८० मिलिमीटरचे भिंग ६० मिलिमीटरच्या भिंगापेक्षा सुमारे पावणेदोन पट प्रकाश गोळा करते, पण वजन आणि किंमतही वाढते. दूर चालत जायचे असेल तर ६० किंवा ६५ मिलिमीटरची दुर्बीण सोयीची. नेत्रिका तिरपी बसवलेली असावी. म्हणजे उंच आणि ठेंगण्या मुलांना तिवई फारशी न हलवता पाहता येते. चष्मेवाल्या विद्यार्थ्याला चष्मा न काढता पूर्ण चित्र दिसते का, हे पाहावे. पांढऱ्या पक्ष्याच्या किंवा भिंतीच्या कडेला जांभळी-हिरवी किनार दिसली, तर भिंग रंगदोषयुक्त आहे असे समजावे. आणि सगळे पैसे दुर्बिणीवर खर्च करू नयेत. डळमळत्या तिवईवर उत्तम दुर्बीणही निरुपयोगी ठरते.

दुकानात गेलात, तर “किती पटींची?” एवढेच विचारून थांबू नका. व्यास विचारा, भागाकार करा आणि मग डोळा लावा.

सोडवून पाहा

१. ‘१५–४५×६०’ या दुर्बिणीच्या शलाकेची जाडी दोन्ही टोकांना किती? वरच्या दुर्बिणीशी तुलना करा.
२. ६०० मीटरांवरचा पक्षी ३० पट वर्धनाने किती अंतरावर असल्यासारखा दिसेल?

(उत्तरे : १. ४ मिमी व १.३ मिमी, दोन्ही दुर्बिणींत सारखीच. २. २० मीटर.)