हँग झालंय? थांबा, पॉवरचं बटण दाबू नका!

मित्रांनो, मी कॉन्व्हेंटची, तेव्हा मराठीत काही चुकलं तर सांभाळून घ्या. पण ही गोष्ट मराठीतच सांगायची आहे, कारण माझ्यामुळे जिचं नुकसान झालं ती माझी रूममेट मासिकाचा मराठी विभाग आधी वाचते.

सबमिशनची आदली रात्र. रूममध्ये कॉम्प्युटर एकच, त्यावर उबुंटू. रूममेट मेसमध्ये जेवायला गेली होती. तिचा सी प्रोग्रॅम साध्या एडिटरमध्ये उघडा होता, सेव्ह न केलेला. मी शेजारी पायथनमध्ये खिडकीवाला कॅल्क्युलेटर चालवला. बटण दाबताच सगळं गोठलं! क्लोजवर क्लिक करून दमले आणि शेवटी पॉवरचं बटण दाबून धरलं. माझा प्रोग्रॅम बंद झाला, पण तिची चार तासांची मेहनतही गेली. ती एक शब्द बोलली नाही, रात्रभर पुन्हा टाइप करत बसली.

नंतर कळलं ते असं. आपण क्लिक करतो तेव्हा प्रोग्रॅमला एक निरोप जातो. माझा प्रोग्रॅम न संपणाऱ्या व्हाइल लूपमध्ये अडकला होता. तो निरोप वाचणार कधी? क्लोज हासुद्धा एक निरोपच!

मग करायचं काय? (आज्ञा इथे देवनागरीत आहेत, टाइप करताना इंग्रजी छोटी अक्षरं वापरा.)

१. थोडं थांबा. 'फोर्स क्विट' विचारलं, तर तेवढाच प्रोग्रॅम बंद होतो.

२. टर्मिनलमध्ये 'टॉप' द्या. लूपमध्ये अडकलेला प्रोग्रॅम सीपीयू खात सहसा सगळ्यात वर दिसतो. त्याचा पीआयडी नंबर लिहून घ्या आणि क्यू दाबून बाहेर या.

३. 'किल' आणि तो नंबर द्या. हा १५ नंबरचा सिग्नल. म्हणजे वॉर्डनबाईंनी दार वाजवून "आवरा आणि निघा" म्हणणं. प्रोग्रॅमला आवरायची संधी मिळते.

४. नाहीच ऐकलं तर 'किल -९'. हा सिग्नल प्रोग्रॅमला अडवता येत नाही, पण सेव्ह करायलाही वेळ मिळत नाही. म्हणून शेवटीच वापरा.

५. माऊसही चालेना? कंट्रोल+ऑल्ट+एफ३ दाबा. काळ्या पडद्यावर लॉगिन करून हेच करा. परत यायला सहसा कंट्रोल+ऑल्ट+एफ२.

सीनियर्स 'एक्सकिल' सांगतात. ते एक्स सर्व्हरशी असलेली तार तोडतं. बहुतेक प्रोग्रॅम त्याने मरतात, पण सगळेच नाही. आजच्या उबुंटूत वेलँड असतं, तिथे वेलँडच्या खिडक्यांवर ते चालत नाही. 'किलऑल' नावाने मारतं, म्हणजे त्याच नावाचा शेजारचा प्रोग्रॅमही जातो. नंबरच बरा!

विंडोजवाल्यांनी कंट्रोल+शिफ्ट+एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि एंड टास्क करावं.

एक अपवाद: प्रोग्रॅम डिस्कची वाट पाहत अडकला असेल ('टॉप'मध्ये स्थिती डी), तर -९ सुद्धा लगेच लागू पडत नाही. तेव्हा कधी कधी रीस्टार्ट करावं लागतं, पण आधी बाकीच्या खिडक्या सेव्ह करा.

लिनक्स शिकायचंय? आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलचे धडे मराठीतही आहेत.

रूममेटला सॉरी म्हटलं. ती हसून म्हणाली, "लेखात लिही, सेव्ह कर म्हणावं सगळ्यांना." लिहिलं बाई! तुम्ही मात्र आत्ताच कंट्रोल+एस दाबा.