वाइनमधील डीएलएल : कोणाची प्रत उचलली गेली?

लिनक्सच्या संगणकावर विंडोजचे प्रोग्रॅम चालविणारी ‘वाइन’ ही प्रणाली १९९३ पासून घडत आली आहे, तिची १.० ही आवृत्ती २००८ साली निघाली. वाइन संगणकात दुसरा संगणक उभा करीत नाही. प्रोग्रॅम विंडोजकडे जी कामे मागतो, ती ती लिनक्सकडून करवून घेते. ही मागणी डीएलएलमार्फत, म्हणजे अनेक प्रोग्रॅमांनी सामाईकपणे वापरावयाच्या लायब्रऱ्यांमार्फत, होत असते.

अशी लायब्ररी दोन घरची असू शकते. वाइनकर्त्यांनी स्वतः लिहिलेली ती ‘बिल्टइन’. मायक्रोसॉफ्टची किंवा प्रोग्रॅमसोबत आलेली ती ‘नेटिव्ह’. यांपैकी कोणती आधी घ्यावी हे आपण ठरवून देणे म्हणजे ओव्हरराइड. वाइनसीएफजीमधील ‘लायब्ररीज’ या पानावर ते देता येते. तेथे नाव घातले की आपोआप ‘आधी नेटिव्ह, मग बिल्टइन’ असा क्रम लागतो.

प्रोग्रॅम उघडेनासा झाला की पुष्कळ विद्यार्थी याच पानावर दिसेल त्या नावाला ‘नेटिव्ह’ करीत सुटतात. हा अंधारात दगड मारण्याचा प्रकार झाला. आधी उचलली गेलेली प्रत कोणाची, ते पाहावे. वाइनडीबग या व्हेरिएबलला अधिक-चिन्हासह ‘लोडडीएलएल’ ही किंमत देऊन टर्मिनलमधून प्रोग्रॅम चालवावा. प्रत्येक लायब्ररीची एक ओळ उमटते व तिच्या शेवटी ‘नेटिव्ह’ किंवा ‘बिल्टइन’ असे स्पष्ट लिहिलेले असते. फायलीच्या नावावरून हे कळत नाही, कारण वाइनही आपल्या प्रती त्याच नावांनी सिस्टिम३२ या फोल्डरमध्ये ठेवते.

आता एक नेहमीचा घोटाळा पाहू. ३२-बिटी प्रोग्रॅमला एमएसव्हीसीपी१४० हवी आहे. विद्यार्थी मायक्रोसॉफ्टची ३२-बिटी प्रत आणतो, सिस्टिम३२ मध्ये टाकतो, ओव्हरराइड देतो. आणि तरी दोष जसाच्या तसा! खरी गंमत नावात आहे. ६४-बिटी विंडोजप्रमाणेच वाइनच्या ६४-बिटी प्रिफिक्समध्येही सिस्टिम३२ हे ६४-बिटी लायब्रऱ्यांचे घर, आणि ३२-बिटींचे घर सिसवॉव६४! (नावे कोणी ठेवली कोण जाणे.) ३२-बिटी प्रोग्रॅमने सिस्टिम३२ मागितले तरी त्याला सिसवॉव६४ कडेच वळविले जाते, म्हणून नव्या प्रतीकडे तो पाहतच नाही. क्रम ‘नेटिव्ह, मग बिल्टइन’ असेल तर वाइनची प्रत निमूटपणे उचलली जाते. केवळ ‘नेटिव्ह’ असेल तर ‘लायब्ररी सापडली नाही’ असा, सी०००००१३५ या क्रमांकाचा निरोप येतो, आणि फाइल तर समोर दिसत असते! शिवाय सिस्टिम३२ मधील मूळची ६४-बिटी प्रत पुसली जाते ती वेगळीच. हाताने नक्कल करण्यापेक्षा मायक्रोसॉफ्टचा ३२-बिटी इन्स्टॉलर वाइनमध्ये चालवावा. तो फाइल योग्य घरी ठेवतो.

याच क्रमांकाचा निरोप कधी दुसऱ्याच कारणाने येतो. मागितलेली लायब्ररी जागेवर असते, पण तिला लागणारी दुसरी नसते. म्हणून निरोपातील पहिले नाव वाचून थांबू नये. आगेमागच्या ओळीही वाचाव्यात.

एनटीडीएलएल, कर्नेल३२, युजर३२ आणि जीडीआय३२ यांना मात्र नेटिव्ह करू नये. वाइनचा लिनक्सशी असलेला सांधा तेथेच आहे. ओव्हरराइड द्यायचाच तर वाइनसीएफजीच्या पहिल्या पानावर तो प्रोग्रॅम निवडून त्याच्यापुरताच द्यावा, आणि प्रयोगासाठी वाइनप्रिफिक्स या व्हेरिएबलने वेगळे फोल्डर करून घ्यावे; बिघडले तर ते काढून टाकता येते, नेहमीचे प्रोग्रॅम सुखरूप राहतात.