इंजिन स्लोवर का थरथरतं? ओव्हरहॉलिंगच्या आधी हे तपासा

गोव्यात १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद. दोन महिने उभं राहिलेलं इंजिन ऑगस्टच्या तोंडावर चालू केलं की बऱ्याच बोटींवर एकच तक्रार: स्लोवर धडधडतं, आवाज बदललाय. मेस्त्री बघतो, जुनं इंजिन म्हणतो आणि खोलायला सांगतो. खोललं की ऑगस्टचे पहिले दिवस गेलेच. म्हणून आधी काय बघायचं ते इथे. ही माहिती साध्या मेकॅनिकल पंपाच्या डिझेल इंजिनासाठी आहे. कॉमन रेल इंजिनाला यातली पाईप सैल करायची चाचणी अजिबात करू नका, तिथला दाब जीवघेणा असतो.

चालू करण्याआधी डिपस्टिक काढा. ऑईल दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय. मग चावी फिरवूच नका, मेस्त्रीला बोलवा.

ऑईल ठीक असेल तर पहिला संशय डिझेलवर. अर्ध्या टाकीत पावसाळ्यात पाणी साचतं. सेपरेटरच्या तळाचं पाणी काढा, फिल्टर बदला, हवा काढा. इंजिन आपोआप वर-खाली होत असेल, म्हणजे फास्ट-स्लो फास्ट-स्लो, तर बहुतेक वेळा लाईनमध्ये हवा असते. टाकी पंपाच्या खाली असली तर टाकीपासून लिफ्ट पंपापर्यंतची लाईन ओढीवर चालते. तिथे जोड सैल असला तर डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते, म्हणून डोळ्यांना काही दिसत नाही. सोपी युक्ती: स्वच्छ डिझेलचा कॅन ठेवून वेगळ्या नळीने थेट लिफ्ट पंपाला द्या, रिटर्नची नळीही त्याच कॅनमध्ये सोडा. इंजिन शांत झालं तर दोष टाकीत किंवा लाईनमध्ये. इंजिन खोलायची गरज नाही.

तरी थरथर एका लयीत राहिली तर एखादा सिलेंडर काम करत नाही असं समजा. ७०० आरपीएमला फोर-स्ट्रोक इंजिनाचा प्रत्येक सिलेंडर मिनिटाला ३५० वेळा पेटतो. एक चुकला की सेकंदाला सुमारे ६ धक्के, ते पायाला कळतात. तो शोधायला इंजिन स्लोवर ठेवून एकेका नोझलच्या पाईपचा नट थोडा सैल करायचा, परत घट्ट करायचा. चष्मा घाला, फडका धरा, हात धारेसमोर नेऊ नका. दाबाचं डिझेल कातडीत घुसतं, आणि तसं झालं तर जखम बारीक दिसली तरी लगेच हॉस्पिटल. नट सैल केल्यावर इंजिन पडलं तर तो सिलेंडर चांगला. काहीच फरक नाही? तोच आजारी. आता त्याचं नोझल शेजारच्या सिलेंडरशी अदलाबदल करा. दोष नोझलबरोबर गेला तर नोझल टेस्टिंगला द्या. तिथेच राहिला तर टॅपेटचं सेटिंग बघा, मग कॉम्प्रेशन. रिंगा, व्हॉल्व्ह, हेड गास्केट यांचा खर्च तेव्हा बोला, आधी नाही.

आवाजालाही हीच चाचणी उपयोगी. वरून येणारी बारीक टकटक नट सैल केल्यावरही तशीच राहिली तर बहुधा टॅपेट. खणखणीत ठोका त्या सिलेंडरला गप्प होत असेल तर नोझल किंवा बेअरिंग. नोझल बदलून ठोका गेला तर सुटलात. पण खालून जड ठकठक येते, लोडवर वाढते आणि ऑईलचा काटा खाली येतोय, तर त्याच क्षणी इंजिन बंद. तसं चालवलं तर क्रँकही जाते. जागा कळायला लांब लाकडी काठीचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं कानाला लावतात. पट्ट्यापासून मात्र लांब राहा.

धुराकडेही बघा. काळा म्हणजे हवा कमी, नोझल खराब किंवा लोड जास्त. निळा म्हणजे ऑईल जळतंय. थंड इंजिनाचा पांढरा धूर थोड्या वेळात जातो. गरम झाल्यावरही राहिला आणि कूलंट कमी होत असेल तर गास्केटचा संशय धरा.

न्यूट्रलला शांत आणि गिअर टाकल्यावरच आवाज? मग इंजिनाला दोष देऊ नका. पंख्यात जाळ्याचा दोर अडकलाय का, कपलिंगचे बोल्ट सैल आहेत का, फाउंडेशनचे रबर ऑईलने फुगलेत का ते बघा. शाफ्टची लाईन बोट पाण्यात उतरल्यावरच तपासून घ्या, कारण किनाऱ्यावर ओढलेल्या बोटीचा सांगाडा थोडा वेगळा बसतो.

मेस्त्रीला फोन करताना इंजिनाचे तास, धुराचा रंग, आणि कितव्या सिलेंडरला फरक पडला नाही, एवढं सांगा.