पळणं पुढच्या रविवारी

डहाणू,
दसरा

चि. बाळू यास,


वाघबारशीच्या सणाला उधव्याला येणं जमणार नाही, त्या रविवारी अठरा किलोमीटर पळायचं आहे, असं तू तुझ्या तिथल्या दोस्ताला कळवलंस. त्याने मला सांगितलं ते तक्रार म्हणून नव्हे. "बाळूची शर्यत आहे, आत्या," असं कौतुकानेच म्हणाला. तो रागावला असता तर मी मध्ये पडले नसते. तुमचं तुम्ही पाहिलं असतं. त्याने समजून घेतलं, म्हणून हे पत्र.

डिसेंबरातल्या वसई-विरार मॅरेथॉनची तयारी करतोस ते उत्तमच. बसून बसून तुझ्या वडिलांच्या गुडघ्यांचं काय झालं ते मी पाहतेच आहे. पण व्यायामाचा हिशेब आठवड्याचा असतो. जागतिक आरोग्य संघटनासुद्धा मोठ्या माणसाला आठवड्याला 150 ते 300 मिनिटं सांगते. ती रविवारी केलीस की बुधवारी, याची चौकशी करत नाही. वाघबारस मात्र आश्विन वद्य द्वादशीलाच यायची. तिला तुझ्या वेळापत्रकात सरकवता येत नाही.

आणि तिच्यामागून काय येतं ते तुला नव्याने सांगायला नको. दिवाळी आटोपली, भात झोडून झालं की पाडे ओस पडू लागतात. कोणी वीटभट्टीवर, कोणी वापी-उमरगावच्या कारखान्यात, कोणी गुजरातच्या बोटीवर खलाशी. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली की माझ्या वर्गातले बाक रिकामे दिसायचे. पोरं आईबापांबरोबर भट्टीवर गेलेली. तुझा हा दोस्तही गेला होता, तेव्हा तू त्याच्या वह्या उतरवून ठेवल्या होत्यास. यंदाही तो जाणार आहे. म्हणजे वाघबारशीला जी मंडळी अंगणात एकत्र बसतील, ती पुन्हा तशी बसायला पावसाळा उजाडेल. तुझा रस्ता तोवर कुठे पळून जात नाही.

आता जेवणाचं. आयतं जाऊन पानावर बसायचं असेल तर न गेलास तरी चालेल. आदल्या दिवशी जा. पावसाळी काकडी, ती जून होऊन पिवळी पडलेली हातभर लांब, किसायला बसलास की दंड भरून येतात. कीस नव्या तांदळाच्या पिठात गूळ घालून कालवायचा आणि पानात बांधून उकडायचा. पीठ सैल झालं तर पानातून गळतं, घट्ट झालं तर दगड होतो. काकडीला पाणी किती सुटतं ते हाताला कळल्याशिवाय वरून पाणी घालायचं नाही. कडू करांद्यांचं काम आणखी चिवट. चिरून, राख टाकून उकळायचे, पाणी ओतून द्यायचं, पुन्हा उकळायचे. चवळीच्या शेंगा तेवढ्या सोप्या, नुसत्या मिठाच्या पाण्यात. पाणी विहिरीवरून आणावं लागेल. चढ आहे. तुझ्या घड्याळाला पावलं मोजायची असतील तर मोजू दे.

एक मात्र कर. पळायला किलोमीटरमागे साधारण सत्तर कॅलरी लागतात, असं तू मला मागे समजावलंस, म्हणजे तुझे त्या दिवशीचे साडेबाराशे झाले. तो आकडा पानावर घेऊन बसू नकोस. ज्या वहिनीने पहाटेपासून चूल सांभाळली, ती वाढताना पानाकडे नाही, जेवणाऱ्याच्या तोंडाकडे बघते. "एवढंच पुरे, डाएट आहे" हे तिथे म्हणायचं नाही. कोंबडी कापली असेल तर नाही म्हणू नकोस; डब्यातली प्रथिनांची पावडर पिणाऱ्याने गावठी कोंबडीला नाक मुरडू नये. मोहाची पुढे आली तर आधी देवाच्या नावाने चार थेंब जमिनीवर सोडतात. नको असेल तर रीत पाळ आणि पुढच्याला दे.

रिकाम्या हाताने जाऊ नकोस. तांदूळ घरचे असतील, पण तेल, गूळ, डाळ विकतची, आणि सणासाठी उसनवारी करणारं घर आहे ते. मिठाईचा चकचकीत डबा नेलास तर त्यांच्या अंगणात तोच मिरवेल. त्यापेक्षा डहाणूच्या बाजारातून सुके बोंबील, गूळ आणि तेल घे आणि मागच्या दाराने वहिनीच्या हाती दे. पैसे काढू नकोस. पुण्यात जेवल्यावर बिल वाटून घेता तसं इथे केलंस तर त्याला वर मान करता येणार नाही.

पाड्यावरच्या म्हातारीला तू पळतोस म्हणून सांगितलंस तर ती विचारेल, "कोणाच्या मागं?" हसू नकोस, तिच्या माणसांनी हौसेने घाम गाळलेला नाही. झरी तिथून लांब नाही. 23 मे 1945 ला तिथे गोदावरी परुळेकरांच्या सभेला हजारो वारली जमले आणि वेठबिगार करायची नाही असं ठरवून उठले. त्याआधी सावकाराच्या शेतावर तुझ्या दोस्ताच्या आजोबांनी फुकट घाम गाळला. सणाच्या दिवशी आपल्या अंगणात, आपल्या भाताचं, आपल्या माणसांबरोबर पोटभर जेवणं हा त्या घराचा हक्क आहे; तो मिळवावा लागला. त्या पंगतीत तुला बोलावलंय.

रात्री तारपा वाजेल. दुधी भोपळ्याच्या त्या वाद्यात वाजवणारा दम न तोडता फुंकत राहतो, आणि एकमेकांच्या कमरेला हात घालून वेटोळं त्याच्याभोवती फिरतं. सूर बदलला की पाऊल बदलतं. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी तेच कागदावर उतरवलं, 2011 ला पद्मश्री मिळाली, आणि आता ते वेटोळं तुझ्या जिमच्या भिंतीवर रंगवलंय म्हणतोस. भिंतीवरचं रोज बघतोसच. एकदा आत शिरून बघ. पहाटेपर्यंत टिकलास तर मला कळव. फक्त "नाचलो, म्हणजे जेवण फिटलं" असा हिशेब तिथे मांडू नकोस.

शनिवारी विरारहून डहाणू लोकल धर, माझ्याकडे चहा घे, तलासरीला एसटी आणि पुढे टमटम. दोस्ताला आजच फोन कर. मी सांगितलं म्हणून येतोय असं म्हणू नकोस.

तुझी,
आत्या

ता. क. किसणी घेऊन ये, त्यांच्याकडे एकच आहे. बूटही आण. परतीला माझ्याकडे दोन दिवस राहणार असशील तर ओहोटीची वेळ विचारून ठेवते. तेव्हा इथली वाळू घट्ट असते, पाय रुतत नाहीत.