विश्वास नात्याचा आणि विश्वास नियमाचा

प्रभादेवीच्या माझ्या गाळ्यात पंचवीस वर्षांपूर्वी घडलेली गोष्ट सांगतो. सुती कापडाचे चाळीस तागे शर्टांसाठी कापायला दिले होते. कापड आधी धुऊन आटवलेले नव्हते. बिहारहून आलेल्या कटिंग मास्टरच्या हाताला ते पहिल्याच दिवशी कळले, पण तो गप्प राहिला. शर्ट पहिल्या धुलाईत आखडले आणि सगळा माल परत आला. मी रागावलो तेव्हा तो एवढेच म्हणाला, ‘‘सेठ, पूछा किसने था?’’

नुकसान वर्षभरात भरून निघाले. त्या प्रश्नाला मात्र माझ्याजवळ उत्तर नव्हते.

शिकवतात तरी काय?

हाच प्रश्न आज व्यवस्थापनाच्या महाविद्यालयांत विषय म्हणून शिकवला जातो. ‘सर्वसमावेशक नेतृत्व’ असे भारदस्त नाव त्याला दिले आहे. अर्थ साधा आहे. ज्याच्या हाताला काम कळते त्याचे म्हणणे निर्णय घेणाऱ्यापर्यंत पोहोचले पाहिजे. मग तो कोणत्याही गावचा, जातीचा वा धर्माचा असो, पुरुष असो की स्त्री.

शिकवण्याची पद्धतही पाहण्यासारखी आहे. अमेरिकेतील हार्वर्ड असो की १९६१ साली सुरू झालेली अहमदाबादची संस्था असो, तेथे व्याख्यानापेक्षा चर्चेवर भर असतो. एखाद्या खऱ्या धंद्याची हकिकत विद्यार्थी आधी वाचून येतात आणि ‘तुम्ही मालक असता तर काय केले असते?’ यावर वर्गात वाद घालतात. बोलण्याला गुण असतात. गप्प बसलेल्याला बोलते करणे हे शिक्षकाचे काम. आपल्या कारखान्यांत शागिर्द उस्तादाचा हात पाहून शिकतो. हात त्यामुळे तयार होतो, पण तोंड बंदच राहते.

मुंबईचे दोन धडे

यासाठी फार दूर जायला नको. २०१८ पर्यंत एल्फिन्स्टन रोड म्हटले जाणाऱ्या प्रभादेवी स्टेशनावर डबेवाले आपण पाहिलेच आहेत. १८९० पासूनचे हे काम. हार्वर्डने २०१० मध्ये त्यांच्यावर अभ्यासाचा धडा तयार केला. डबेवाले छोट्या गटांत काम करतात. मुकादम त्यांच्यातलाच अनुभवी माणूस असतो, आणि खर्च वजा जाता गटाची कमाई सारखी वाटली जाते. पण हेही लक्षात घ्यावे की बहुतेक डबेवाले पुणे जिल्ह्यातील मावळ, मुळशी, खेड, जुन्नर या एकाच पट्ट्यातले आहेत. त्यांचा विश्वास गावाहूनच बरोबर आलेला आहे.

दुसरा धडा गिरगावचा. १५ मार्च १९५९ रोजी सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. तीच ‘श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड’. आज सुमारे ४५ हजार स्त्रिया तिच्या सभासद आहेत. जात-धर्म न पाहता, काम करण्याची तयारी असलेली व नियम मान्य करणारी स्त्री येथे ‘बहीण’ होते. प्रत्येक बहीण मालकीण आहे, नफा-तोटा सर्वांचा. कारभार बहिणींतूनच निवडलेल्या बहिणी पाहतात. निर्णय एकमताने होतो आणि एकाही बहिणीची हरकत असेल तर तो थांबतो. येथे सर्वांचे गाव एक नाही, नाते एक नाही. विश्वास उभा आहे तो नियमावर.

आपल्यासाठी बोध

आपला व्यापार पिढ्यान्‌पिढ्या बिरादरीच्या विश्वासावर चालला. मामा पैसे देतो, भाचा दुकान सांभाळतो. हा विश्वास मोलाचा आहे, पण तो डबेवाल्यांसारखा घरातून मिळालेला आहे. आज आपल्या गाळ्यात बिहारचा मास्टर आहे, कोकणातला हिशेबनीस आहे, काज-बटण करणाऱ्या बायका घरी माल नेतात. त्यांच्याशी आपले नाते नाही. तेथे लिज्जतचा धडा उपयोगी पडतो. मशवरा हा शब्द आपल्या घरात रोजचा आहे. तो गाळ्यातही आला पाहिजे.

मी तीन नियम केले, ते सांगतो. एक, नवा माल कापण्यापूर्वी मास्टर, शिलाईवाला आणि इस्त्रीवाला यांना तागा हाताळायला द्यायचा आणि सर्वांत नव्या माणसाला आधी विचारायचे. कारण सेठ आधी बोलला की बाकीचे मान डोलावतात. दोन, कोणाचीही हरकत आली तर कात्री थांबायची, मग गिऱ्हाईक कितीही घाई करो. तीन, ज्याच्या हरकतीने नुकसान वाचले त्याचे नाव सर्वांसमोर घ्यायचे. जिची हरकत चुकीची ठरली तिला बोल लावायचा नाही. नाहीतर पुढच्या वेळी ती गप्प बसेल.

यात वेळ जातो. कधी अर्धा दिवसही मोडतो. पण चाळीस तागे परत येण्यापेक्षा अर्धा दिवस स्वस्त आहे.

वाचकांनी या आठवड्यात एवढेच करून पाहावे. आपल्या दुकानातील सर्वांत कमी बोलणाऱ्या माणसाला विचारावे, ‘आपण कुठे चुकतो आहोत?’ आणि उत्तर मिळेपर्यंत स्वतः काही बोलू नये.